रिकाम्या खुर्चीचं माप

तारीख आठ डिसेंबर, रविवार, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं. आकडा सत्त्याहत्तर सेंटीमीटर. हजर माणसं पाच: खुर्च्या तपासणाऱ्या एक मॅडम, खेळाडू वनिता, तिची आई शांताबाई, राऊत सर आणि मी. आकडा पंच्याहत्तर किंवा त्याच्या आत यायला हवा होता. तो दोन सेंटीमीटर जास्त आला, आणि ती खुर्ची मी बनवली होती.

या अंकासाठी लिहायला सांगताना संपादक म्हणाले, तुमच्या धंद्यातल्या गमती लिहा. गमती आहेत, एकदोन पुढे येतीलही. पण सत्तावीस वर्षं पाइप कापतो आहे, त्यातला रोज आठवणारा आकडा हा एकच. म्हणून तिथूनच सुरुवात केली.

यवतमाळात बसस्थानकाच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे. बारा बाय अठरा. अपंगांच्या तीनचाकी सायकली, व्हीलचेअर, कुबड्या, वॉकर यांची दुरुस्ती करतो आणि कोणी सांगितलं तर नवीनही बनवतो. मुळात मी सायकल दुरुस्तीवाला. एकदा एका गिऱ्हाइकाची व्हीलचेअर वेल्डिंगला आली, ती नीट झाली, त्यानं दुसऱ्याला सांगितलं, आणि हळूहळू सायकली कमी होऊन खुर्च्याच राहिल्या. गाद्या, पट्टे, रेक्झिनची कव्हरं माझी बायको सुनंदा शिवते. तिचं मशीन दुकानाच्या मागच्या अर्ध्या भागात असतं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, मशीनला चोवीस.

बाहेरच्या माणसाला वाटतं, खुर्ची म्हणजे चार चाकं आणि एक बैठक. तसं नाही. चपलेला जसा नंबर असतो तसा खुर्चीलाही असतो, फक्त तो एक आकडा नसून चार असतात. कंबरेची रुंदी, मांडीची लांबी, गुडघ्यापासून टाचेपर्यंतची उंची आणि पाठीचा आधार कुठवर हवा ते. रुंदी दोन बोटं जास्त झाली तर माणूस एका बाजूला कलंडून बसतो आणि पाच वर्षांत पाठीचा कणा तसाच वाकतो. बैठक लांब झाली तर गुडघ्यामागे घासतं. आणि ही चारही मापं माणूस बसलेला असतानाच घ्यावी लागतात, कारण बसल्यावर मांडी पसरते, गादी दबते, कापड ताणतं. पलंगावर झोपलेल्या माणसाचं माप म्हणजे दुसऱ्याच माणसाचं माप. म्हणून दुकानात शिरताच समोरच्या भिंतीवर मी लाल रंगानं लिहून ठेवलं होतं, 'बसल्याशिवाय माप घेतले जाणार नाही.'

या पाटीवरून भांडणं झाली आहेत. केळापूरकडच्या एका म्हाताऱ्या दुकानदाराचा पुतण्या फोनवरून मापं सांगायचा. मी म्हटलं, आजोबांना आणा. तो म्हणाला, "आनाले गाडी कराव लागते जी. तुमी लिवून घ्या, मी टेपनं मोजलं." तीन फोन झाले. शेवटी मीच एसटीनं गेलो. आजोबांचा एक पाय गुडघ्याच्या वर कापलेला होता. पुतण्यानं मोजली होती ती आजोबांच्या लाकडी गल्ल्यामागची खुर्ची, आजोबा नव्हेत. आणि आजोबांना हवं काय होतं, तर खुर्चीचा डावा हात काढून टाकायचा. गल्ल्याला चिकटून बसता आलं पाहिजे, मधे हात आला की पुतण्या पैसे काढतो ते दिसत नाही. मी हात काढून दिला. पुतण्यानं मला चहा विचारला नाही.

दुसरं एक गिऱ्हाईक वेगळ्या कारणानं लक्षात आहे. त्यानं कोरी करकरीत तीनचाकी सायकल रिक्षात घालून आणली. सीटवरचं प्लास्टिकही निघालं नव्हतं. विकून द्या म्हणाला. अपंगांना साहित्य वाटायच्या कार्यक्रमात मंचावर मिळाली होती. अशा कार्यक्रमांत पन्नास सायकली येतात आणि पन्नासही एकाच मापाच्या असतात. याचे पाय पायदानापर्यंत पोचत नव्हते आणि हात दांड्यापर्यंत. मी विचारलं, तेव्हाच का नाही सांगितलं? तो म्हणाला, "सांगणार कसं? हारबीर घातला, फोटो काढला. फुकट भेटलेल्या वस्तूत खोट काढाची का मानसानं?"

हे वाक्य मी त्या वेळी हसून सोडून दिलं. सायकलीची सीट तीन इंच पुढे घेऊन दिली, दीडशे रुपये घेतले. वाक्याची किंमत पुढे कळली.

वनिता पहिल्यांदा आली ती राऊत सरांच्या मागं लागून. राऊत सर दारव्ह्याकडच्या शाळेतून निवृत्त झालेले खेळाचे शिक्षक. वनिता बोरी अरबची. एकोणीस वर्षांची असताना कापूस विकायला निघालेल्या गाडीवर, कापसाच्या वर बसली होती. आमच्याकडे सगळेच बसतात. रस्त्यातल्या खड्ड्यात गाडी कलली, ती डोक्यावर पडली आणि मान मोडली. तेव्हापासून छातीच्या खाली हालचाल नाही आणि स्पर्शही कळत नाही. खांदे चालतात. कोपर वाकतं, पण जोर लावून सरळ होत नाही. मनगट वर उचलता येतं. बोटं चालत नाहीत. माझ्याकडे आली तेव्हा या सगळ्याला सहा वर्षं झाली होती.

"काका, मले चालवाची खुर्ची नाई पाह्यजे," ती म्हणाली. "ते हाय माह्याजवळ. मले फेकाची खुर्ची पाह्यजे."

"फेकायची म्हणजे?"

"जिच्यावर बसून फेकता येते."

शांताबाई तिच्या मागंच उभ्या होत्या. पाण्यात भिजवलेला गमछा त्यांच्या हातात होता, तो त्या मुलीच्या मानेवर ठेवत होत्या. अशा माणसाला घाम येत नाही, ऊन अंगात साठत जातं, म्हणून बाहेर निघालं की सतत ओलं करावं लागतं. त्या म्हणाल्या, "जयभीम भाऊ. तिचं मनावर घेऊ नका तुमी. पाण्याचा गिलास धरता येत नाई तिले, अन् म्हणते लाकूड फेकीन."

"धरता येत नाई म्हणून त फेकून राह्यली मी," वनिता म्हणाली. "धरता आलं असतं त कापूस नसता का वेचला?"

सर हसले, मग मीही. शांताबाई हसल्या नाहीत.

खेळ असा आहे. लहान मुगदलासारखा लाकडी दांडा असतो, वजन चारशे ग्रॅमच्या आसपास. ज्यांची बोटं चालत नाहीत त्यांच्यासाठीच तो आहे, कारण गोळा किंवा भाला त्यांना पकडता येत नाही. दांड्याची मान दोन बोटांत अडकवायची, वर थोडा चिकट पदार्थ लावायचा आणि खांद्याच्या जोरावर हात भिरकावायचा. बोटं सोडत नाहीत, दांडाच सुटतो. सरांनी हे मोबाइलवर पाहिलं, सुताराकडून बाभळीचा दांडा करून घेतला आणि किराणा दुकानाच्या काट्यावर तोलला. जिल्ह्यात तोवर कोणी मानेला इजा झालेल्या माणसाला मैदानात उतरवलं नव्हतं. शाळेच्या मैदानावर ती साध्या खुर्चीत बसून फेकायची तेव्हा सर मागून खुर्ची धरायचे, नाहीतर फेकीबरोबर खुर्ची मागं जायची. स्पर्धेत तसं चालत नाही. तिथे जमिनीला बांधून टाकायची, न हलणारी, बिनचाकाची बैठक लागते. खेळाडूला तिच्यावर पट्ट्यांनी आवळतात.

नियमांचा कागद सरांनी मराठीत उतरवून आणला होता. त्यातली एक ओळ: 'बैठकीची उंची गादीसह पंच्याहत्तर सेंटीमीटरपेक्षा जास्त नसावी.'

उंचीला महत्त्व का, तर उंचावरून सुटलेली वस्तू लांब जाते. एकेक सेंटीमीटर कामाचा. मी ठरवलं की पंच्याहत्तरच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जायचं. चौकोनी पाइपाची चौकट केली, खाली चारही पाय पट्टीवर वेल्ड केले. पाय लहानमोठे होणारे ठेवावेत असं मनात आलं होतं. पण बोल्ट आला की थोडा खेळ येतो, खेळ आला की खुर्ची डुगडुगते. म्हणून सगळं पक्कं. गादी दहा सेंटीमीटरची, खाली सहाचा कडक फोम, वर चारचा मऊ, दोन्हींवर एकच कव्हर. ज्याला बैठकीखाली काही कळत नाही त्याची गादी ही चैन नसते. आपण खुर्चीत बसल्या बसल्या नकळत दर दोन मिनिटांनी हलतो, कारण टोचतं. त्याला टोचत नाही, म्हणून तो हलत नाही, म्हणून हाडाखालची कातडी मरते. तिथे झालेली जखम महिनोन्महिने भरत नाही. त्यानं माणसं दगावलीही आहेत. माझ्या दोन गिऱ्हाइकांच्या खुर्च्या घरच्यांनी परत आणून दिल्या त्या याच कारणानं.

गादी बसवली, वनिताला वर बसवलं, गादी दबली, आणि माप घेतलं. चौऱ्याहत्तर पॉइंट आठ. तीनदा घेतलं, तीनदा तेच आलं. मी खूश झालो. पाटीप्रमाणे काम झालं होतं.

सरांनी किंमत विचारली. हिशेब अकरा हजार चारशेचा होता. मी म्हटलं, पैसे नको. जिल्ह्यातली पहिली मुलगी, माझ्याकडून एवढं. सरांनी माझा हात धरला. सुनंदा मशीनवरून उठली नाही. "तिले इचारलं का, फुकट पाह्यजे का म्हणून?" एवढंच म्हणाली. मला ते खवचट वाटलं.

दोन दिवसांनी दुकानात छोटा कार्यक्रम केला. मी पेढे वाटले. स्थानिक पेपरात फोटो आला, माझा हात खुर्चीच्या दांड्यावर. तो फोटो अजून दुकानात आहे. त्यात सगळे कॅमेऱ्याकडे बघत आहेत, वनिता खाली गादीकडे.

स्पर्धा राज्य पातळीवरची, दुसऱ्या टोकाच्या एका शहरात. आम्ही भाड्याच्या गाडीनं गेलो, वर कॅरिअरवर खुर्ची बांधून. मधे तीनदा थांबून शांताबाईंनी मुलीला सीटवर आडवं केलं, कुशीवर वळवलं. त्या घड्याळ बघत नसत, तरी दर वेळी दोन तास झालेले असत.

आणि सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी तपासणीच्या टेबलाशी मॅडमनी रिकाम्या खुर्चीला पट्टी लावली.

"सत्त्याहत्तर," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "मॅडम, तिला बसवून घ्या ना माप. बसल्यावर चौऱ्याहत्तर पॉइंट आठ येतं. मी लेखी देतो."

"बसवून घेत नाही आम्ही. प्रत्येकाचं वजन वेगळं, गादी वेगळी दबते. सगळ्यांच्या खुर्च्या रिकाम्याच मोजतो." बाई वाईट नव्हत्या. त्यांनी कागदही दाखवला. "तुमच्याकडे अजून चाळीस मिनिटं आहेत. उंची कमी करून आणा, मी परत मोजते."

सत्तावीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की रिकाम्या खुर्चीला माप नसतं. इथे सगळ्यांना रिकाम्या खुर्चीचंच माप होतं, आणि त्यांच्या बाजूनं ते बरोबरच होतं. मला एकदा फोन करून विचारता आलं असतं. विचारावंसं वाटलंच नाही, कारण मला माहीत होतं.

पाय कापणं शक्य नव्हतं, ते पट्टीवर वेल्ड केलेले. राहिली गादी. मऊ थर काढला तर सहाचा कडक फोम उरतो, उंची त्र्याहत्तर. कडक थर काढला तर चारचा मऊ उरतो, उंची एकाहत्तर, पण मऊ फोम पूर्ण दबून हाडं थेट लाकडाच्या फळीला लागतात. सबंध गादी काढणं हा प्रश्नच नव्हता. मी हे तिघांना सांगितलं.

शांताबाई म्हणाल्या, "मंग नाई खेळाचं. चाला घरी."

"माय."

"माय गिय काही नाई. तुले नाई समजत खालचं, मले समजते. मी धुतो तुले रोज."

"अर्ध्या घंट्याचा खेळ हाय, माय. कडक त कडक. मी अथपर्यंत गमती कराले आली का?" मग माझ्याकडे वळून, "काका, कडक ठेवा. काढा वरचं."

सर नंतर मला म्हणाले की तेव्हा त्यांनी बोलायला हवं होतं. मीही बोलायला हवं होतं. मी कव्हर उसवलं, मऊ थर काढला, कव्हर परत ओढून खाली खिळे ठोकले. मॅडमनी पट्टी लावली. त्र्याहत्तर. मी स्वतःच्या टेपनं दोनदा मोजलं. त्र्याहत्तर, त्र्याहत्तर. घाईत मी उंची तीनदा पाहिली आणि वरून हात एकदाही फिरवला नाही. दहाच्या गादीचं कव्हर सहाच्या गादीवर ढिलं झालं होतं आणि मधोमध रेक्झिनची एक चुणी पडली होती. करंगळीएवढी जाड. सुनंदानं पाहिली असती. माझ्या चारही मापांत चुणी कुठे बसत नाही.

आधीच्या खेळाडूची खुर्ची बांधण्यात वेळ गेला, मग हिची बांधली. पट्टे आवळून ती एकूण पंचावन्न मिनिटं तिच्यावर होती, आणि प्रत्येक फेकीला सगळं अंग त्या चुणीवर घासत होतं.

फेकी सहा. पहिली वाया गेली, दांडा बोटांत अडकून बाजूला पडला. दुसरी नऊ मीटर वीस. पाचवी अकरा मीटर शहाऐंशी. पाचवा दांडा हवेत असताना सर तोंडावर हात ठेवून उभे होते. तिच्या गटात ती पहिली आली. देशपातळीच्या स्पर्धेसाठी जेवढी फेक लागत होती त्यापेक्षा ती छत्तीस सेंटीमीटर पुढे होती. हे छत्तीस मी माझ्या वहीत लिहून घेतले. शांताबाईंनी पदकाला हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, "जड हाय व." परतीच्या वाटेवर गाडीत त्या पहिल्यांदा मोठ्यानं हसल्या, वनितानं मॅडमची नक्कल केली तेव्हा.

तिसऱ्या दिवशी सकाळी शांताबाईंचा फोन आला. अंघोळ घालताना उजव्या बाजूला बैठकीच्या हाडाखाली लाल दिसलं. अंगठा दाबला तर कातडी पांढरी व्हायला हवी. झाली नाही. आठवड्यात तिथे जखम झाली, दोन आठवड्यांत ती खोल गेली. डॉक्टरांनी सांगितलं, बसायचं नाही. पालथं झोपायचं. किती दिवस, तर भरेपर्यंत.

सात महिने लागले. देशपातळीची स्पर्धा त्यात होऊन गेली.

पहिल्या महिन्यात मी गेलो नाही. दुकानात खूप काम आहे असं स्वतःला सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं. मग एक दिवस सुनंदा म्हणाली, "चुनी तुमची होती. जाऊन या." बोरी अरबला गेलो. शांताबाई अंगणात होत्या. जयभीम म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "मिस्त्री, तुमच्या खुर्चीनं पोरगी पेपरात आनली अन् तुमच्याच खुर्चीनं पालथी पाडली. आता कायले आले?" जखम झाल्यापासून त्यांची मजुरी बुडत होती, कारण दर दोन तासांनी मुलीला वळवायला घरात दुसरं कोणी नव्हतं. मी काही रक्कम देऊ केली. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

आत वनिता खाटेवर पालथी होती, हनुवटीखाली उशी. मला पाहून म्हणाली, "या काका. बकरी आली का पाहा बरं दारात."

"कशाला?"

तिच्या बोटांत प्लास्टिकची रिकामी बाटली अडकवलेली होती. बकरी उंबऱ्यात आली की ती पालथ्यानंच बाटली भिरकावायची. "आजचे चार नेम. तीन लागले. बकरी आता येतच नाई, सालीनं धसका घेतला."

मी बसलो. मग म्हटलं, माझी चूक झाली. माप रिकाम्या खुर्चीचं घ्यायचं हे मी विचारायला हवं होतं.

ती म्हणाली, "मले माहीत होतं."

मला वाटलं, माझं मन राखायला बोलते आहे. पण तसं नव्हतं. पेढे वाटायच्या आदल्या दिवशी तिनं मोबाइलवर दुसऱ्या एका स्पर्धेचा व्हिडिओ पाहिला होता. त्यात रिकाम्या खुर्चीला पट्टी लावत होते. तिला शंका आली होती.

"मग बोलली का नाहीस?"

"सरले सांगनार होती. मंग तुमी पेढे वाटले." तिनं हनुवटी उशीवर नीट टेकवली. "काका, तुमी पैसे घेतले असते न, त त्याच दिवशी म्हटलं असतं, थांबा, हे परत मोजा. फुकट देऊन राह्यले त कोन्या तोंडानं म्हनू, तुमची खुर्ची उंच हाय म्हनून? मले लहानपनापासून सारं असंच भेटलं. पडल्यापासून त जास्तच. सायकल भेटली, ब्लँकेट भेटलं, खुर्ची भेटली. हात जोडाचे अन् घ्याचं. हात बी नीट जोडता येत नाई, तरी जोडाचे."

त्या सायकलवाल्याचं वाक्य मला तिथे आठवलं. मंचावरच्या लोकांना मी वर्षानुवर्षं नावं ठेवली, माप न घेता वाटतात म्हणून. मी माप घेतलं होतं, तीनदा घेतलं होतं. बाकी मी त्यांच्यासारखाच वागलो. फोटोत हात कुठे ठेवला होता तेही सारखंच.

निघताना तिनं सांगितलं, "भरली की नवी बनवाची. पैसे घेऊन बनवाची. भाव करून."

जुलैच्या मध्यावर जखम भरली. मग बसायचा सराव. पहिल्या दिवशी दहा मिनिटं, उतरवून कातडी पाहायची, मग पंधरा. हे सगळं शांताबाईंनी केलं. नवी खुर्ची मी ऑगस्टमध्ये बनवायला घेतली. या वेळी पायाखाली एकेक सेंटीमीटरच्या काढता-घालता येणाऱ्या लोखंडी पट्ट्या ठेवल्या. बोल्टचा खेळ घालवायला प्रत्येक ठिकाणी एकाऐवजी दोन बोल्ट. सुनंदानं गादीची तीन कव्हरं शिवली, प्रत्येक वेगळ्या जाडीचं. मी अपंगांच्या खेळांच्या एका संघटनेला फोन करून माप कसं घेतात ते विचारलं, आणि उत्तर लिहून घेतलं. भिंतीवरच्या पाटीखाली आणखी एक ओळ रंगवली, 'नियमाचे माप वेगळे विचारून घ्यावे.' पाटी आता बेढब दिसते.

किंमत बारा हजार सहाशे पन्नास सांगितली.

"मागच्यापक्षा जास्त काहून?" वनितानं फोनवर विचारलं.

"पाइप महागला. पट्ट्या वाढल्या. कव्हरं तीन."

"बारा."

"नाही परवडत."

"मंग कव्हरं दोनच द्या."

"कव्हरं तीनच मिळतील. बारा हजार तीनशे."

"ठीक हाय," ती म्हणाली, आणि पलीकडे शांताबाईंचा आवाज आला, "पावती मागजो."

पैसे कुठून आणले हे मी विचारलं नाही. वनिता गावातल्या पोरींना मोबाइलवर अर्ज भरून देते, पेनाचं टोक बोटात अडकवून, एवढं मला ठाऊक होतं.

एकवीस सप्टेंबर, रविवार, सकाळी साडेसात, बोरी अरबच्या शाळेचं मैदान. हजर: वनिता, शांताबाई, राऊत सर, सुनंदा आणि मी. रिकाम्या खुर्चीचं माप चौऱ्याहत्तर पॉइंट पाच. सरांनी मोजलं, मी मोजलं, मग वनिता म्हणाली, मायले मोजू द्या. शांताबाईंनी मोजलं. सुनंदानं गादीवरून हात फिरवला, चारही दिशांनी. मग वनिताला बसवलं, पट्टे आवळले. तिनं डावा खांदा दोनदा हलवून पाहिला.

"काका, डावा पट्टा आखूड हाय. दोन बोटं तरी. खांदा अडते माहा."

मी पाहिलं. आखूड होता. सुनंदाकडे पाहिलं तर ती आधीच दोऱ्याची रीळ काढत होती. तिनं तिथेच मातीत बसून पट्टा उसवला आणि वाढवून शिवला. वीस मिनिटं गेली. मला राग आला नाही, आनंदही झाला नाही. दमल्यासारखं वाटत होतं, आणि तरी बरं वाटत होतं.

वनितानं तीन फेकी केल्या. लांबी मी इथे लिहीत नाही, नऊ महिन्यांनंतरची फेक होती. मी पावतीपुस्तक काढलं.

"थांबा," शांताबाई म्हणाल्या. "आधी पाहू द्या."

त्यांनी आणि सुनंदानं वनिताला उतरवलं, शाळेच्या खोलीत नेलं. सर आणि मी बाहेर उभे राहिलो. सर घड्याळाकडे पाहत होते, मी टेप उघडत-मिटत होतो. किती वेळ गेला ते मी मोजलं नाही. या सगळ्या लिखाणात न मोजलेली तेवढीच एक गोष्ट आहे.

शांताबाई बाहेर आल्या. अंगठा पदराला पुसत म्हणाल्या, "पांढरं झालं. चांगलं हाय, भाऊ."

मग त्यांनी कमरेची पिशवी सोडली, नोटा दोनदा मोजल्या, एक फाटकी होती ती बदलली आणि गठ्ठा वनिताच्या बोटांत सरकवला. तिनं मनगट उचललं, तशी तिची बोटं आपोआप मिटली, आणि त्या मिटलेल्या बोटांत धरून तिनं तो मला दिला. बारा हजार तीनशे रुपये रोख, पूर्ण पोचले. त्यातले नऊशे गादी आणि पट्ट्याच्या शिलाईचे, ते तिथेच सुनंदाला दिले. पावती वनिताच्या नावानं फाडली.